आर्थिक गुन्ह्यांतला बचावाचा वकील : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपीची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या कामाबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे देणारे वकील मुंबईच्या न्यायालयांत हेच काम करतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. त्यामुळे कलमे नवीन दिली आहेत आणि गरज वाटली तिथे जुना क्रमांकही सांगितला आहे.

सनद मिळाल्यावर पहिली चार-पाच वर्षे नेमके काय शिकावे? मोठ्या लॉ फर्ममध्ये जावे की एखाद्या वकिलांच्या चेंबरमध्ये? — कायद्याच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, नाशिक

आधी सनदेचे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात ठरवून दिले की अधिवक्ता कायद्यात लिहिले आहे त्याहून जास्त नोंदणी शुल्क कोणत्याही राज्याच्या बार कौन्सिलला घेता येणार नाही. म्हणजे खुल्या गटासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. मुद्रांक शुल्क असेल तर ते वेगळे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

आता चेंबर. ज्यांच्याकडे खरोखर साक्षीदार तपासले जातात अशाच वकिलांकडे जा. मुंबईत आर्थिक गुन्ह्यांची प्रॅक्टिस म्हणजे जामीन, रिट आणि गुन्हा रद्द करण्याचे अर्ज एवढेच असे चित्र तयार झाले आहे. पाच-सहा वर्षे काम करूनही एकाही साक्षीदाराची उलटतपासणी न घेतलेले ज्युनियर आम्ही रोज पाहतो. जामिनाने माणूस घरी येतो, पण त्याच्यावरचा डाग खटल्यातच पुसला जातो. लॉ फर्ममध्ये मसुदे उत्तम शिकायला मिळतात, मात्र पिंजऱ्यातल्या साक्षीदारासमोर उभे राहण्याची वेळ फार उशिरा येते. रुजू होण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या वकिलांच्या नावाने शोध घ्या आणि किती प्रकरणे पुराव्याच्या टप्प्यावर आहेत ते पाहा. मुलाखतीत कळत नाही ते तिथे कळते.

पहिले वर्ष धावपळीचे. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहणे, नकलेचे अर्ज, कार्यालयीन हरकती दूर करणे, रिमांडला हजर राहणे, रोजनामा वाचणे. रोजनामा वाचायची सवय लावून घ्या. साक्षीदार हजर असताना तारीख कोणी मागितली, मुद्देमाल आणला होता की नाही, हे सगळे त्यातच असते आणि दोन वर्षांनी युक्तिवादात कामाला येते.

दुसऱ्या वर्षापासून चेक न वटल्याच्या, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ च्या केसेस स्वतः चालवा. अनेकांना हे काम हलके वाटते. आमच्या मते कागदावरून उलटतपासणी शिकण्याची याहून चांगली शाळा नाही. उसने दिलेली रक्कम प्राप्तिकर विवरणात आहे का, एवढे पैसे देण्याची ऐपत होती का, खातेवहीत नोंद कोणत्या तारखेची, चेकवरची सही आणि मजकूर एकाच हातचे आहेत का, हे सगळे प्रश्न पुढे शेकडो कोटींच्या खटल्यात वेगळ्या रूपात येतात. कलम १३९ मुळे गृहीतक फिर्यादीच्या बाजूने असते. त्यामुळे ते खोडून काढण्याची सवयही लागते.

याच काळात दुहेरी नोंद पद्धती, ताळेबंद, कॅश क्रेडिट खात्याचे चालणे, लेटर ऑफ क्रेडिट, बिल डिस्काउंटिंग, डीमॅटचे व्यवहार एवढे तरी पक्के करून घ्या.

सिनियरांनी आठ हजार पानांची चार्जशीट हातात दिली आहे. बँकेच्या कर्जाची केस आहे. वाचायची कुठून? — ज्युनियर वकील, ठाणे

वाचण्याआधी मोजा. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याला चार्जशीटच्या प्रती मोफत मिळाल्या पाहिजेत, असे बीएनएसएसचे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, कलम २३० (जुने २०७) सांगते. सोबतच्या यादीशी प्रत्येक पान ताडून पाहा. न दिसणारी झेरॉक्स, फक्त पुढची बाजू छापलेली बँक स्टेटमेंट, न उघडणारा पेन ड्राइव्ह, हे हमखास निघते. तोवर ‘सर्व प्रती मिळाल्या’ अशी सही करू नका. दंडाधिकाऱ्यापुढच्या वॉरंट खटल्यात दोषमुक्तीचा (खटला न चालवताच सोडण्याचा) अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो. घाईच्या सहीने ते घड्याळ सुरू होते आणि तुमच्याकडे अर्धे कागदच नसतात. जे नाही ते लेखी अर्जाने मागा. तपास यंत्रणेने गोळा केले पण चार्जशीटला जोडले नाही अशा कागदांची यादीही मागा. ईडीच्या प्रकरणांतही आरोपीला ही यादी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२५ रोजी सरला गुप्ता प्रकरणात सांगितले आहे. बचावाचा सर्वांत चांगला कागद बहुधा याच यादीत असतो. कर्जमंजुरीच्या बैठकीचे इतिवृत्त, अंतर्गत लेखापरीक्षणाचा शेरा, वरिष्ठांचा ई-मेल अशा गोष्टी तिथे सापडतात.

मग वाचनाचा क्रम. सुरुवात एफआयआरने. त्यातल्या प्रत्येक कलमाचे घटक वेगळ्या कागदावर लिहा. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) ला (जुने ४२०) व्यवहाराच्या सुरुवातीलाच लबाडीचा हेतू लागतो. विश्वासघाताच्या कलम ३१६ ला आधी मालमत्ता विश्वासाने सोपवलेली असावी लागते. एकाच व्यवहारात दोन्ही एकदम बसत नाहीत. दिल्ली रेस क्लब प्रकरणात २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले, तरी दोन्ही कलमे जोडीने लावण्याची सवय गेलेली नाही.

एफआयआरनंतर मूळ कागद, त्यानंतर साक्षीदारांचे जबाब आणि तपासी अंमलदाराचा शेवटचा अहवाल सर्वांत शेवटी. तो आधी वाचला की पुढचे सगळे कागद तुम्ही त्याच्याच नजरेने वाचता. तासाला ६० पाने धरली तरी आठ हजार पानांना १३३ तास लागतात. तेवढे द्यावेच लागतात. सारांश करून घेण्याचे यंत्र असो की हाताखालचा मुलगा, हे काम दुसऱ्यावर सोपवलेले उलटतपासणीत लगेच उघडे पडते.

वाचता वाचता तीन तक्ते करा. पहिला तारीखवार घटनांचा. दुसरा साक्षीदारांचा : कोणता साक्षीदार आपल्या अशिलाबद्दल काय म्हणतो आणि कोणत्या पानावर. पुष्कळदा असे दिसते की ९० साक्षीदारांपैकी जेमतेम सहा-सात जण आपल्या अशिलाचे नाव घेतात. तिसरा तक्ता कागदांचा आणि त्यात पाच रकाने : कागद कोणी तयार केला, सही कोणाची, मूळ प्रत कुठे, कोणत्या पंचनाम्याने जप्त, सिद्ध कोण करणार. पाचव्या रकान्यात नाव सुचत नसेल तर तो कागद आजच लाल शाईने लिहून ठेवा.

पैशाचा माग स्वतः काढा. प्रत्येक नोंदीची तारीख, रक्कम, यूटीआर क्रमांक (बँकेतल्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि रक्कम जमा होण्याआधीची शिल्लक लिहा. इथे अभियोग पक्षाची एक चूक वारंवार सापडते. समजा ५० लाख रुपये ‘अ’कडून ‘ब’कडे, ‘ब’कडून ‘क’कडे आणि तिथून परत ‘अ’कडे असे चार वेळा फिरले. प्रत्येक खात्यात २ कोटी जमा दिसतात आणि तिन्हींची बेरीज होते ६ कोटी. चार्जशीटमध्ये ६ कोटींचा आकडा येतो, जामिनाचा आदेश त्यावर लिहिला जातो, जप्तीही त्या आकड्यावर होते. प्रत्यक्ष पैसा ५० लाखच होता. फिरवाफिरव का केली याचे उत्तर द्यावे लागेलच, पण ते ६ कोटींचे उत्तर नव्हे. आधीची शिल्लक लिहून ठेवली नाही तर हे डोळ्यांना दिसतच नाही.

६० आणि ९० दिवसांच्या जामिनाचा हिशेब करताना आमच्या कार्यालयात नेहमी वाद होतो. पहिला दिवस धरायचा की नाही? — वकील, छत्रपती संभाजीनगर

धरायचा. कोठडीच्या ६० किंवा, गंभीर कलमांत, ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्या मोजणीचा हा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी कपिल वाधवान प्रकरणात वाद मिटवला. त्या प्रकरणात पहिली कोठडी १४ मे २०२० ला दिली गेली होती. तो दिवस धरून मे महिन्याचे १८, जूनचे ३० आणि जुलैचे १२ असे ६० दिवस १२ जुलैला भरले. ईडीने तक्रार (तिथे तीच चार्जशीट) प्रत्यक्ष दाखल केली १३ जुलैला. म्हणजे ६१ वा दिवस आणि आरोपींना जामिनाचा हक्क मिळालेला.

पण हक्क मिळाला तरी तो मागावा लागतो. ६१ व्या दिवशी न्यायालय उघडताच अर्ज दाखल झालेला हवा आणि त्यावर दाखल झाल्याची वेळ लिहून घ्यायला हवी. आरोपी हक्क बजावण्याआधीच चार्जशीट आली तर हक्क गेला. जामीन द्यायची तयारीही अर्जात लिहा.

दुसरी खुबी कलमांत आहे. फसवणुकीला कमाल शिक्षा ७ वर्षे, म्हणून ६० दिवस. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली, अमली पदार्थांचा संबंध नसेल तर, कमाल ७ वर्षे, म्हणून तिथेही ६०. बँकर, लोकसेवक किंवा एजंट यांच्या विश्वासघाताचे कलम ३१६(५) (जुने ४०९) जोडले की जन्मठेपेची तरतूद येते आणि मुदत ९० दिवस होते. म्हणून पहिल्या रिमांडलाच बघा, हे कलम कशाच्या आधारावर लावले आहे. अशील बँकर नाही, लोकसेवक नाही, त्याच्याकडे काही सोपवलेलेही नाही, तर तो आक्षेप त्याच दिवशी लेखी नोंदवा. पन्नासाव्या दिवशी केलेल्या आक्षेपाला तेवढे वजन राहत नाही.

बँकेचा अधिकारी आणि फॉरेन्सिक ऑडिटर यांची उलटतपासणी कशी घ्यावी? आरडाओरडा करून साक्षीदार डगमगतो का? — वकील, पुणे

नाही. हे साक्षीदार शिकलेले असतात, फाईल वाचून येतात आणि आवाज चढवला की अधिक सावध होतात. शांतपणे, एका प्रश्नात एकच गोष्ट आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येईल असा प्रश्न. ‘का’ विचारू नका. ‘का’ विचारलेत की साक्षीदाराला भाषण करायची मुभा मिळते.

आधी जबाबातली तफावत, कारण तरुण वकील सर्वांत जास्त इथेच चुकतात. समजा शाखाधिकारी सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणाला, ‘संचालकांनी माझ्यासमोर कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या.’ पोलीस जबाबात हे वाक्य नाही. विचारायचे असे : ‘संचालकांनी तुमच्यासमोर कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या, ही गोष्ट तुम्ही जबाबात पोलिसांना सांगितली होती?’ तो म्हणेल, ‘सांगितली होती. जबाबात का नाही, ते सांगता येणार नाही.’ हे उत्तर नोंदले गेले की थांबा. काम मात्र अर्धेच झाले आहे. वर्ष-दीड वर्षाने तपासी अंमलदार पिंजऱ्यात येईल. तेव्हा त्याला विचारायचे : ‘साक्षीदार क्रमांक ७ ने तुम्हाला ही गोष्ट सांगितली होती का?’ तो ‘नाही’ म्हणाला की ती उणीव सिद्ध होते. हा दुसरा प्रश्न राहिला तर पहिल्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे प्रत्येक साक्षीदार संपला की त्याच संध्याकाळी ‘अंमलदाराला विचारायचे’ या वहीत नोंद करा.

जबाबात आहे आणि साक्षीदार आता उलट बोलतो आहे, तिथे पद्धत वेगळी. जबाबातला तेवढाच भाग त्याला वाचून दाखवायचा. तो नाकारला की त्या भागाला ‘पोर्शन ए’ अशी खूण करून घ्यायची आणि अंमलदाराकडून तो सिद्ध झाल्यावर निशाणी (न्यायालयाचा पुरावा क्रमांक) पाडून घ्यायची. पूर्ण जबाब निशाणीत जाऊ देऊ नका. नको असलेले पुष्कळ काही त्याबरोबर आत येते.

कागद दाखल होताना हरकतीची वेळ सांभाळा. कागद सिद्ध करण्याच्या पद्धतीवर हरकत असेल तर ती निशाणी पडतानाच घ्यावी लागते. अंतिम युक्तिवादात ‘हे झेरॉक्स होते’ म्हणून चालत नाही. बँकेचे स्टेटमेंट असेल तर बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम २ए प्रमाणे प्रमाणपत्रे आहेत का पाहा. संगणकावरचा पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जुन्या ६५बी प्रमाणपत्राची सक्ती जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० ला पक्की झाली. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. पहिला उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा जणू बोटाचा ठसा असलेला संगणकी क्रमांक, लिहावी लागते. पंचाला विचारा, हार्ड डिस्क जप्त केली तेव्हा हॅश काढली होती का, पंचनाम्यात ती आहे का, सील कोणाचे होते. जप्तीच्या दिवशी हॅश नाही आणि प्रयोगशाळेत पहिल्यांदा निघाली, तर मधल्या दिवसांत त्या डिस्कला कोणी हात लावला नाही हे सांगणारे फक्त तोंडी बोलणे उरते.

फॉरेन्सिक ऑडिटरची फाईल नेमणूकपत्रापासून उघडा. काम किती कालावधीचे दिले होते, माहिती कोणी पुरवली, मूळ व्हाउचर पाहिली की फक्त एक्सेल शीट. अहवालाच्या शेवटी मर्यादांचा परिच्छेद असतो. ‘बँकेने दिलेल्या माहितीची स्वतंत्र पडताळणी केलेली नाही’ अशा धाटणीचे वाक्य तिथे जवळजवळ नेहमी सापडते. ते वाक्य ऑडिटरच्याच तोंडून नोंदवून घ्या आणि त्यावर टीका करू नका. मसुदा अहवाल आधी बँकेला पाठवला होता का, त्यानंतर काय बदलले, हेही विचारा. मात्र उत्तर माहीत असेल तरच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. खाते ‘फसवणूक’ म्हणून जाहीर करण्याआधी कर्जदाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ ला राजेश अग्रवाल प्रकरणात सांगितले आणि रिझर्व्ह बँकेच्या १५ जुलै २०२४ च्या निर्देशांत त्यासाठी किमान २१ दिवसांची नोटीस आली. पण एफआयआर नोंदवण्याआधी सुनावणी लागत नाही, हेही त्याच निकालात आहे. केवळ या एका मुद्द्यावर गुन्हा रद्द होईल असे अशिलाला सांगू नका.

मी सीए आहे, वय ३८. एलएलबी करून या क्षेत्रात येऊ शकतो का? — पुणे

येऊ शकता, आणि आकड्यांच्या बाबतीत तुम्ही पुष्कळ पुढे असाल. दोन गोष्टी लक्षात ठेवा. वकिलीची सनद वापरायची तर सीए म्हणून प्रॅक्टिस सोडावी लागते, पूर्णवेळ पगारी नोकरीही चालत नाही. दुसरी गोष्ट स्वभावाची. लेखापरीक्षकाला हिशेब पूर्ण जुळवायची सवय असते. बचावाच्या वकिलाने हिशेब जुळवून द्यायचा नसतो. अभियोग पक्षाचा कुठे जुळत नाही तेवढे दाखवून थांबायचे असते. सीए झालेले वकील उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारतात आणि साक्षीदार राहिलेली जागा भरून काढतो.

सध्या सीए म्हणून अशिलांना सल्ला देत असाल तर तेही सांगून ठेवतो. अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना वकिलांना ऊठसूट समन्स काढण्यापासून रोखले. सीएशी झालेल्या बोलण्याला असे संरक्षण नाही. कंपनीच्या पगारावरच्या कायदा अधिकाऱ्यालाही कलम १३२ लागू होत नाही.

गोरगरिबांच्या ठेवी बुडवणाऱ्यांची वकिली कशी काय करवते? — निवृत्त शिक्षिका, सातारा

तुमचा राग समजतो. ठेवी बुडालेल्या माणसांना आम्हीही न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसलेले पाहतो, कागदांची पिशवी छातीशी धरून. पण एफआयआरमध्ये ३० नावे असतात. त्यांत ज्याने पैसे नेले तो असतो आणि ज्याने वरून आलेले व्हाउचर फक्त पोस्ट केले तो कारकूनही असतो. दोघांची कलमे सारखी, कोठडीही सारखी. कोणी काय केले हे वेगळे करायला कोणालातरी प्रत्येक पान वाचून प्रश्न विचारावे लागतात. बचाव ढिला राहिला तर कारकुनाला शिक्षा होते आणि पैसे नेणाऱ्यापर्यंत कोणी पोहोचत नाही, त्यात ठेवीदाराचेही भले नाही. ठेवीदारांचे पैसे परत मिळण्याचा मार्ग जप्त मालमत्तेच्या विक्रीतून जातो. एमपीआयडी (ठेवीदारांचे हितसंबंध जपणारा महाराष्ट्राचा कायदा) न्यायालयात त्यासाठी ठेवीदारांनी आपला दावा वेळेत नोंदवला पाहिजे. पावत्यांच्या मूळ प्रती कोणालाही देऊ नका.

तीन संचालक एकत्र आले, फी एकत्र देतो म्हणाले. तिघांचे वकीलपत्र घ्यावे का? — वकील, नागपूर

शक्यतो नको. आज तिघांचे एकच म्हणणे असते. सहा महिन्यांनी त्यातला एक माफीचा साक्षीदार होतो (बीएनएसएस कलम ३४३, जुने ३०६) आणि त्याची गुपिते ऐकलेले तुम्ही इतर दोघांसाठी त्याची उलटतपासणी घेऊ शकत नाही. तिघांचीही वकीलपत्रे सोडावी लागतात. पहिल्या भेटीतच तिघांना वेगवेगळे बसवून ऐका. सही कोणाची आणि फायदा कोणाला, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आली की एकच अशील ठेवा.

माझा भाऊ पतसंस्थेत शाखाधिकारी होता. ठेवी अडकल्या, गुन्हा दाखल झाला आणि आता त्याला हजर राहण्याची नोटीस आली आहे. वकील या टप्प्यावर काय करतात? — सोलापूर

सर्वांत आधी नोटीस कोणत्या कलमाची आहे ते पाहतात. बीएनएसएसच्या कलम १७९ ची असेल तर साक्षीदार म्हणून बोलावले आहे. ९४ ची असेल तर कागद मागितले आहेत. ३५(३) (जुने ४१ए) असेल तर संशयित म्हणून. तिन्हींना वागायची रीत वेगळी. ३५(३) च्या नोटिशीला ठरलेल्या दिवशी हजर राहिले तर अटक टळू शकते, गैरहजर राहिले तर अटकेला आयते कारण मिळते. तब्येतीचे वा इतर कारण असेल तर आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

दुसरे, एफआयआरची प्रत. पतसंस्थांमध्ये फिर्याद बहुतेकदा लेखापरीक्षकाची असते, कारण सहकार कायद्याच्या कलम ८१ ने त्याच्यावर तशी जबाबदारी टाकली आहे. त्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत मिळवा. एमपीआयडी लावला असेल तर कलम ३ खाली संस्थेच्या कारभाराला जबाबदार असलेला कर्मचारीही येतो. म्हणून शाखाधिकाऱ्याला नेमके कोणते अधिकार होते हे कळीचे. नेमणूकपत्र, अधिकार दिल्याचे ठराव, कर्जमंजुरी कोणाच्या सहीने होत असे याचे कागद आणि मुख्य कार्यालयाला लिहिलेली पत्रे हुडकून ठेवा.

तिसरे, काहीही पुसू नका. व्हॉट्सॲप, ई-मेल, जुना फोन, वह्या, सगळे जसेच्या तसे. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि मूळ आरोपातून सुटलेला माणूस त्यात अडकू शकतो. ठेवीदारांना किंवा जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ‘असे सांगा’ म्हणणे तर अटकपूर्व जामिनाचा घात करते.

कागद द्यायचे ते यादीसह, पृष्ठांक घालून, पत्राला पोच घेऊन. पोलिसांनी कलम १८० खाली घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तसे आहे. ईडीचे समन्स वेगळे असते. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खालच्या जबाबावर सही घेतात आणि तो पुरावा म्हणून वापरला जातो, म्हणून प्रत्येक ओळ वाचून, चूक असेल तिथे आपल्या हाताने दुरुस्ती लिहूनच सही करावी.

सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली जबाबदारी निश्चितीची चौकशी समांतर चालू असेल तर तिथले उत्तरही याच वकिलाला दाखवून द्या. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे गेलेली फार महागात पडतात.

माझे शिक्षण मराठी माध्यमातले. इंग्रजी बेताचे. हे क्षेत्र मला जमेल का? — विद्यार्थी, लातूर

जमेल. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, साक्षही मराठीत नोंदली जाते. मुंबईतल्या पोलिसांच्या प्रकरणांत बँकेचे कागद इंग्रजी, पण जबाब, पंचनामे आणि स्टेशन डायरी बहुधा मराठीत. उच्च न्यायालयात पाठवलेल्या इंग्रजी भाषांतरावर विसंबणाऱ्या वकिलाला दिसत नाही ते तुम्हाला मूळ जबाबात दिसेल. एक प्रश्न नेहमी तयार ठेवा : साक्षीदार गुजराती किंवा हिंदी बोलणारा, जबाब मराठीत लिहिलेला. तो त्याला कोणत्या भाषेत वाचून दाखवला आणि भाषांतर कोणी केले? इंग्रजीसाठी रोज एक निकाल मोठ्याने वाचा आणि त्यातल्या घटना दहा ओळींत इंग्रजीत लिहा. अपिलाचे मसुदे करता येतील इतपत भाषा त्याने तयार होते.

या कामात पैसा किती आणि कधी मिळतो? मुलाला पाठवावे का? — पालक, कोल्हापूर

सुरुवातीची वर्षे ओढाताणीची. चेंबरमधून मिळणारे मानधन मुंबईत राहण्या-खाण्याला पुरेलच असे नाही, म्हणून निदान तीन वर्षे घरचा आधार किंवा सोबत विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसारखे काम धरून चला. पुढे फी टप्प्यांनी ठरते : नोटीस आणि सल्ला, अटकपूर्व जामीन, रिमांड, चार्जशीटचे वाचन, मग खटल्याची फी तारखेप्रमाणे किंवा साक्षीदाराप्रमाणे. चार्जशीट वाचनाची फी वेगळी लावायला शिकावे. ती खटल्याच्या फीत गुंडाळली की वाचन पुढे ढकलले जाते.

निकालावर अवलंबून फी, म्हणजे ‘सुटलो तर एवढे’, बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जाहिरात करता येत नाही. फी ठरल्याचे पत्र लेखी असावे, रक्कम बँकेतून यावी आणि ती कोणाच्या खात्यातून येते हे आधी विचारावे. गोठवलेल्या खात्यातून पैसे येणार नाहीतच, पण आरोपीच्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून आले तर उद्या त्या खात्यालाही जप्ती लागू शकते आणि वकिलाला आलेल्या रकमेचा हिशेब देत बसावे लागते. नातेवाइकाच्या स्वतःच्या उत्पन्नातून, पावती देऊन घेतलेली फी सर्वांत सुरक्षित.